अंगणवाडीत एम-चॅट वापरायचंय? आधी त्यातली उदाहरणं बघा

तुम्ही विचारलंय की हडपसरच्या अंगणवाड्यांत एम-चॅट-आर (लहान मुलांत ऑटिझमची, म्हणजे स्वमग्नतेची, शक्यता आहे का ते चाळून बघणारा फॉर्म) मराठीत करून आयांकडून भरून घेतला आणि ३ किंवा जास्त स्कोअरवाली मुलं थेट पुढच्या तपासणीला पाठवली तर चालेल का. तसं नाही चालणार.

हा १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठीचा २० प्रश्नांचा फॉर्म अमेरिकेत बनलाय, त्यामुळे उदाहरणं तिकडच्या घरातली. रोजच्या आवाजांनी मूल बिथरतं का, ह्यात व्हॅक्यूम क्लीनर येतो, तो तुमच्या वस्तीत कितीजणांकडे असणारे? मिक्सर घाला, कुकरची शिट्टी घाला. ढोल-ताशा मात्र नको हं, पथक खिडकीखालून गेलं की दीड वर्षाचं कुठलंही पोर भोकाड पसरतं. बोट दाखवण्याचे प्रश्नही दोन आहेत, एक हवी ती वस्तू मागायला आणि दुसरा नुसतं 'बघ ना' म्हणून दाखवायला, आणि आया सर्रास दोन्हीला एकच उत्तर देतात. म्हणून पहिल्यात फळीवरचा बिस्किटाचा डबा ठेवा, दुसऱ्यात गल्लीत आलेला जेसीबी. आणि दिवसभर मूल आजीकडे असेल तर आजीलाच विचारा, आईला कामावरून येऊन काय दिसणार! खोटंखोटं खेळण्याच्या प्रश्नाला भातुकली मस्त बसते.

आता खरी गोची. २, ५ आणि १२ हे प्रश्न उलटे आहेत, तिथे 'हो' म्हणजे काळजीचं उत्तर (बाकीच्यांत 'नाही'), आणि अशा प्रत्येक उत्तराचा एक गुण. सेविकाताईंसमोर संकोचून एखादी आई सगळ्यालाच 'हो हो' म्हणत गेली तर स्कोअर बरोब्बर ३ येतो आणि धडधाकट पोर मध्यम जोखमीत जाऊन बसतं. म्हणून ३ ते ७ वाल्यांची फॉलो-अप मुलाखत गाळूच नका, 'शेवटचं कधी केलं, काय झालं होतं' असं विचारत जा, त्यानंतर काळजीची २ किंवा जास्त उत्तरं उरली तरच पुढे पाठवा. ८ किंवा वर असेल तर मुलाखतीसाठी थांबू नका. २०१४ च्या मूळ अभ्यासात मुलाखतीनंतरही पॉझिटिव्ह राहिलेल्यांपैकी जवळपास निम्म्या मुलांना ऑटिझम निघाला, आणि साधारण ९५ टक्क्यांना विकासाची काही ना काही अडचण होती. पण ते आकडे तिकडचे, इकडे तपासून घ्यावेच लागतील.

फॉर्ममध्ये बदल करायला मूळ लेखकांची परवानगी लागते, मेल आधीच टाका. आणि आरबीएसकेच्या (मुलांची आरोग्य तपासणी करणारा सरकारी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम) टीमशी बोलून मुलं नक्की कुणाकडे जाणार ते ठरल्याशिवाय पहिला फॉर्म वाटू नका.