'आभासी वेग' नव्हे, 'भासमान वेग'

प्रश्न असा: क्वेसारमधून, म्हणजे दूरच्या दीर्घिकांच्या अतितेजस्वी केंद्रांतून, निघालेल्या द्रव्याच्या झोतांतल्या गाठी प्रकाशापेक्षा जलद सरकताना दिसतात. त्या वेगाला 'आभासी' म्हणावं की 'भासमान'? दोन्ही एकच ना?

मुळीच नाही. वर्गापासून चलनापर्यंत दिसेल त्याला 'आभासी' चिकटवायची हल्ली खोडच लागली आहे. 'आभास' जिथे लागतो तिथे मूळ वस्तूच नसते. हेत्वाभासात, म्हणजे तर्कातल्या फसव्या कारणात, खरा हेतू (कारण) नसतो, विरोधाभासात खरा विरोध नसतो. मग आभासी वेग म्हणजे वेगच नाही! इथे तर गाठ खरीच धावते आहे, तीही प्रकाशाच्या जवळपास वेगाने. चुकतो तो आपला हिशेब.

समजा, गाठ प्रकाशाच्या ०.९९ पट वेगाने, आपल्या दृष्टिरेषेशी जेमतेम ८ अंशांचा कोन करून येते आहे. १० वर्षांत ती आपल्या दिशेने ९.८ प्रकाशवर्षं पुढे सरकते, बाजूला फक्त १.४. तेवढ्यात निघताना सोडलेल्या रेडिओ लहरी १० प्रकाशवर्षं गेलेल्या असतात, गाठीच्या फक्त ०.२ प्रकाशवर्षं पुढे. म्हणजे त्या लहरी आणि १० वर्षांनी सोडलेल्या लहरी आपल्याकडे जेमतेम ०.२ वर्षाच्या अंतराने पोचतात. १.४ भागिले ०.२, झाले प्रकाशाच्या ७ पट. ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ मार्टिन रीस यांनी हे १९६६ मध्येच वर्तवलं होतं. १९७१ मध्ये दूरदूरच्या रेडिओ दुर्बिणी जोडून केलेल्या निरीक्षणांत ३सी २७९ या क्वेसारमध्ये ते सापडलं.

आता खरी गंमत. 'भासमान' मधला धातू भास्, म्हणजे प्रकाशणे. भास्कर त्यातलाच. 'वर्तमान', 'विद्यमान' यांच्यासारखाच 'मान' पुढे लागला की अर्थ होतो 'प्रकाशत असलेला', आणि त्यावरून 'तसा दिसत असलेला'. प्रकाशणं आणि वाटणं एकाच धातूत! माझं तर ठाम मत आहे की 'भास' म्हणजे भ्रम ही छटा मागाहून चढली, आणि ती चढवण्यात तर्कशास्त्रातल्या हेत्वाभासाचा हात मोठा असणार. किरणं पोचण्यातल्या उशिरामुळे जे दिसतं, त्याला याहून नेमका शब्द कुठून आणणार?

'दृश्य वेग' चा आग्रह धरणारे जाणकारही आहेत. त्यांनी एवढंच सांगावं: रेडिओ लहरी कुठल्या डोळ्यांना दिसतात? ज्या निरीक्षणांतून ही गती हाती लागली, त्यांचंच माध्यम अदृश्य, आणि नाव मात्र दृश्य! शिवाय वर्णपटाच्या दृश्य पट्ट्याशी गोंधळ होतो तो वेगळाच.