आजीला फिजिओथेरपी कशी सांगायची?

निफाडकडची एक मुलगी नाशकात फिजिओथेरपी शिकतेय. तिचा प्रश्न थोडक्यात असा: ‘काका, सुट्टीत घरी गेले की आजी विचारते, तू कसली डॉक्टर होणार? “भौतिकोपचार” म्हटलं तर तिला कळत नाही, फिजिओथेरपी म्हटलं तर म्हणते, म्हंजी मालिशवालीच ना? याला बरा मराठी शब्द नाही का? आणि भौतिकोपचार हा शब्द तरी बरोबर आहे का? यात भौतिकशास्त्राचा काय संबंध?’

शेवटून सुरुवात करतो, कारण तिथे शब्दाची गंमत आहे.

ग्रीक भाषेत ‘फ्यूसिस’ म्हणजे निसर्ग, वस्तूचा मूळ स्वभाव. फिजिक्स, फिजिशियन, फिजिकल आणि तुझी फिजिओथेरपी ही सगळी त्याच घरची माणसं. आपल्याकडे फिजिक्सला भौतिकशास्त्र म्हणायचं ठरलं आणि त्याचं बोट धरून भौतिकोपचार आला. भौतिक म्हणजे भूतांचं, आणि ही भुतं पिंपळावरची नव्हेत, पंचमहाभूतं. औषध पाजायचं नाही, सुरी लावायची नाही. उष्णता, गारवा, पाणी, प्रकाश, वीज यांनी बरं करायचं, अशीच या उपचारांची एके काळी ओळख होती. मेणाचा शेक, बर्फ, लाईट, करंट ही आज दवाखान्यात कानावर पडणारी बोली बघ, सगळी तेज आणि आप या दोन भुतांची आहे. म्हणजे ज्याने शब्द घडवला तो झोपेत नव्हता.

त्या मानाने मूळ शब्दाचाच पाया डळमळीत आहे. 1851 साली लोरेन्झ ग्लाइश नावाच्या बव्हेरियातल्या लष्करी डॉक्टरने जर्मनमध्ये ‘फिजिओथेरपी’ हा शब्द वापरला, तो निसर्गोपचाराच्या अंगाने. इंग्रजीत तो 1894 मध्ये एडवर्ड प्लेटर या कॅनडातल्या डॉक्टरने आणला. आपल्याकडे निसर्गोपचार म्हटलं की उरुळीकांचन आठवतं, मातीच्या पट्ट्या आणि उपास आठवतात. तेव्हा धातूला धरून ‘निसर्गोपचार’ असं भाषांतर कुणी केलं असतं, तर आज तुझी पंचाईत दुप्पट झाली असती.

आता ‘उपचार’. हा अर्धा भाग मला फार आवडतो. हिंदीवाले भौतिक चिकित्सा म्हणतात. मराठीत चिकित्सा म्हटलं की शंका काढणारा, फोड करून बघणारा माणूस डोळ्यांपुढे येतो. चिकित्सक जावई कुणालाच नको असतो. उपचार म्हणजे जवळ जाऊन केलेली सेवा. म्हणून पूजेतही षोडशोपचार असतात. ग्रीक ‘थेरापेइआ’चंही तसंच आहे: शुश्रूषा, चाकरी आणि देवाची सेवासुद्धा. दोन भाषांना परस्पर हे एकच सुचावं, यापेक्षा चांगलं भाषांतर मागून मिळत नाही. (उपचारापासूनच ‘औपचारिक’ आलं, आणि काही ठिकाणी उपचारही तसेच होतात. माझा खांदा आखडला तेव्हा पहिल्या जागी मला वीस मिनिटं मशीन लावून ठेवत आणि कुणी हात वर करून बघतही नसे. ते असो.)

तरी ‘भौतिक’मध्ये एक उणीव आहेच. आजची फिजिओथेरपी प्रामुख्याने हालचालीची विद्या आहे, आणि त्या शब्दात हालचाल कुठेच नाही. दुसऱ्या जागी माझा खांदा ज्या मुलीने सोडवला तिने शेक दहा मिनिटंच दिला. उरलेला वेळ ती माझी बोटं भिंतीवर मुंगीसारखी वर चढवायला लावायची आणि पेन्सिलीने खूण करून ठेवायची. काल इथपर्यंत, आज इथपर्यंत. यातलं भौतिक काय म्हणायचं, तर भिंत!

हालचाल ज्या शब्दात आहे तो स्वीडनमध्ये सापडतो. पेर हेन्रिक लिंग हा तलवारबाजी शिकवणारा माणूस, कविताही करायचा. 1813 साली त्याने स्टॉकहोममध्ये व्यायामाची सरकारी संस्था काढली आणि तिथे आजाऱ्यांसाठीही व्यायाम शिकवले. आपल्याकडच्या तालमीतल्या वस्तादाने सरकारी कॉलेज काढावं, तसं. 1887 मध्ये तिथल्या सरकारने या मंडळींची रीतसर नोंदणी सुरू केली. त्यांचं स्वीडिश नाव शब्दशः सांगायचं तर ‘आजाऱ्यांचा कसरतपटू’. शंभरावर वर्षं ते चाललं, आणि 2014 च्या 1 जानेवारीपासून तेही बदलून फिजिओथेरपिस्टसारखंच नाव त्यांनी घेतलं. मला वाईट वाटलं. आपला ‘व्यायाम’ तरी बघ: ‘वि’ आणि ‘आ’ हे उपसर्ग आणि ‘यम्’ धातू, अर्थ ताणणं, पसरणं. तुम्ही ज्याला स्ट्रेचिंग म्हणता ते या शब्दाच्या पोटातच आहे.

आता आजीचा मुद्दा, मालिशवाली. आजीवर रागावू नकोस. हा प्रश्न तुमच्या व्यवसायाला जन्मापासून चिकटलाय, आणि तो तिने काढलेला नाही.

1894 मध्ये लंडनमध्ये मालिशची दुकानं उदंड झाली होती आणि त्यातल्या बऱ्याच दुकानांत मालिश हे नुसतं निमित्त होतं. ब्रिटिश मेडिकल जर्नलने त्यावर लिहिलं आणि बोभाटा झाला. प्रामाणिकपणे काम करणाऱ्या परिचारिकांना तोंड दाखवायची सोय राहिली नाही. तेव्हा ल्यूसी रॉबिन्सन, रोझलिंड पॅजेट, एलिझाबेथ मॅन्ली आणि मार्गारेट पामर या चौघींनी ‘प्रशिक्षित मालिशकार महिलांची संस्था’ काढली. नियम कडक केले: डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय कुणाला हात लावायचा नाही, आणि जाहिरात करायची तर फक्त वैद्यकीय नियतकालिकांत. माझ्यासारख्या शब्दवेड्याला यात एक गोष्ट दिसते. त्यांनी बदनाम झालेला शब्द टाकला नाही, त्याच्या आधी ‘प्रशिक्षित’ जोडलं. नाव बदलायला पुढे पन्नास वर्षं गेली. मध्ये पहिलं महायुद्ध झालं, हात-पाय गमावलेले सैनिक आले, 1920 मध्ये राजाची सनद मिळाली, आणि 1944 मध्ये संस्थेच्या नावातून मालिश जाऊन फिजिओथेरपी आली. आधी मान मिळाला, मग नाव बदललं. उलट्या क्रमाने हे सहसा होत नाही.

अमेरिकेत भांडण वेगळं झालं. तिथे महायुद्धात हे काम करणाऱ्या बायकांना ‘पुनर्रचना साहाय्यक’ म्हणत. मेरी मॅकमिलन त्यांतली अग्रणी. 1921 मध्ये त्यांची संघटना उभी राहिली. पुढे डॉक्टरांचा आग्रह असा, की यांनी स्वतःला ‘तंत्रज्ञ’ म्हणवून घ्यावं, ‘थेरपिस्ट’ नको, लोकांना डॉक्टर वाटतील. आपल्याकडे 2025 च्या सप्टेंबरात फिजिओथेरपिस्टांनी नावाआधी ‘डॉ.’ लावू नये असं केंद्राच्या आरोग्यसेवा महासंचालनालयाचं पत्र निघालं आणि दुसऱ्याच दिवशी मागे घेतलं गेलं, तो याच वादाचा नातू म्हणायचा.

मालिश हा शब्द फारसी, ‘मालीदन’ म्हणजे चोळणं यापासून आलेला. आणि चंपीची तर कथाच आहे. पाटण्याच्या शेख दीन मुहम्मद यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्लंडमधल्या ब्रायटनला वाफेचं स्नान आणि अंग दाबून देण्याचं केंद्र थाटलं. संधिवाताचे रोगी तिथे रांग लावत. चंपीचं इंग्रजी ‘शांपू’ झालं, आणि बाटलीतून आपल्याकडे परत आलं तेव्हा अंग सोडून केसांना लागलं.

भारतात हा व्यवसाय मुंबईत रुजला, तो पोलिओच्या साथीमुळे. 1953 मध्ये परळच्या केईएम रुग्णालयात फिजिओथेरपीची शाळा सुरू झाली. महापालिका, केंद्र सरकार आणि जागतिक आरोग्य संघटना असे तिघांचे हात लागले. तिथेच 1950 मध्ये कमलाबाई निंबकरांनी व्यवसायोपचाराची, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपीची, शाळा काढली होती. हा शब्द मात्र मला कधीच पटला नाही. ‘ऑक्युपेशन’ म्हणजे माणूस ज्यात गुंततो ते: आंघोळ, स्वयंपाक, बटण लावणं. व्यवसायोपचार वाचून दुकान बुडालेल्या माणसाला वाटेल, चला, आपली सोय झाली. त्याच्या शेजारी भौतिकोपचार कितीतरी गुणी. पण या व्यवसायांची नोंदणी करणाऱ्या राज्याच्या परिषदेच्या नावात हे दोघे जोडीनेच नांदतात, आणि पाटीवरचं नाव एकदा कायद्यात गेलं की निघत नाही.

तू ज्या विद्यापीठाची पदवी घेणार तेही इथलंच, म्हसरूळचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ, 1998 सालचं. राज्यातल्या बहुतेक फिजिओथेरपी कॉलेजांचे पेपर नाशिकच्या शिक्क्याने निघतात आणि नाशिकच्या रिक्षावाल्याला ‘भौतिकोपचार केंद्र’ सांगितलं तर तो मागे वळून बघतो. ‘फिजिओ’ म्हटलं की गाडी सुरू.

हा ‘फिजिओ’ आपल्या घरात रुग्णालयातून आला नाही, क्रिकेटमधून आला. भारतीय संघाचे फिजिओ अली इराणी पेटी घेऊन मैदानात धावायचे, तेव्हापासून घराघरांत हा शब्द पाठ आहे. आणि मराठीने त्याला आपल्या कामाला जुंपलंय: ‘आईला फिजिओ लावलंय’, ‘फिजिओला जाऊन येते’, ‘फिजिओ आली का?’ उपचार, जागा आणि माणूस, तिन्हींना एकच शब्द. इतकं राबणारा शब्द परका कसा म्हणायचा?

म्हणून माझं मत असं. अर्जात, प्रबंधात, पाटीवर भौतिकोपचार खुशाल लिही, शब्द शुद्ध आहे: भौतिक अधिक उपचार. पुढे तज्ज्ञ जोडलास तर ‘तज्ज्ञ’ असाच लिही, ‘तज्ञ’ नको. तत् अधिक ज्ञ असा तो आहे. बोलताना फिजिओथेरपी. ‘थेरेपी’, ‘थेरॅपी’ ही रूपं दिसतात, पण मराठी तोंडाला थेरपी सोपं जातं. ‘शारीरिक उपचार’ मात्र टाळ. उपचार शरीरावरच होतात, अपेंडिक्स काढणारा सर्जनही तेच करतो.

राहिली आजी. तिला तत्सम शब्द कशाला द्यायचा? तिच्याजवळ या विद्येचा केवढा तरी साठा आहे: उसण भरणं, चमक निघणं, लचकणं, मुरगळणं, मान अवघडणं, खांदा धरणं, अंग आंबणं. द्राक्षबागेत दिवसभर हात वर करून विरळणी केलेल्या बाईला खांद्याचं दुखणं समजावून सांगावं लागत नाही. उसण भरली की पायाळू माणसाकडून पाठीला पाय लावून घेणारी हीच पिढी. तिला सांग, ‘अंथरुणाला खिळलेल्याला मी हिंडता-फिरता करते.’ हिंडता-फिरता करणं यात हालचाल आहे आणि मालिश नाही. आणि सांगतानाच तिचा दुखरा हात भिंतीवर चढवायला लाव, पेन्सिलीने खूण कर. चार दिवसांनी ती शेजारणीला तुझी ओळख कुठल्या शब्दात करून देते ते मला कळव. वहीत टिपून ठेवायचंय.