डीएनए आम्ल, मग त्याच्या पोटात आम्लारी कसे?

प्रश्न असा आला आहे: ‘डीएनएला न्यूक्लिइक आम्ल म्हणतात आणि लगेच पुढच्या ओळीत त्यात चार आम्लारी असतात असं लिहितात. आम्ल आणि आम्लारी एकत्र आले की उदासिनीकरण व्हायला हवं ना? मग डीएनए नक्की कोण?’

डीएनए आम्लच. गोंधळ घातलाय तो ‘आम्लारी’ या शब्दाने. आम्ल अधिक अरि, म्हणजे आम्लाचा शत्रू. चंचुपात्रात हायड्रोक्लोरिक आम्ल आणि सोडियम हायड्रॉक्साइड एकत्र ओतताना हे नाव चपखल बसतं. पण शत्रू म्हटलं की दोघे एका रेणूत नांदणार नाहीत, असं आपण गृहीत धरतो. ब्रॉन्स्टेड आणि लोरी या रसायनशास्त्रज्ञांनी १९२३ साली केलेली व्याख्या इथे जास्त कामाची आहे: प्रोटॉन देणारं ते आम्ल, घेणारा तो आम्लारी. यात वैर कुठेच नाही. एकाच रेणूचा एक कोपरा देणारा आणि दुसरा घेणारा असू शकतो. अमिनो आम्लात तर हे उघडच दिसतं. तिथला कार्बोक्सिल गट प्रोटॉन सोडतो आणि अमिनो गट घेतो.

आता डीएनए. त्याच्या कण्यातला प्रत्येक फॉस्फेट गट पेशीतल्या सामूला (pH), म्हणजे ७ च्या आसपास, आपला प्रोटॉन सोडून बसलेला असतो. त्यामुळे अख्ख्या साखळीवर ऋणप्रभार येतो. म्हणूनच जेलमध्ये विद्युतप्रवाह सोडला की डीएनए धन टोकाकडे सरकतो आणि पेशीकेंद्रात तो धनप्रभारित हिस्टोन प्रथिनांभोवती गुंडाळला जातो. अ‍ॅडेनिन, ग्वानिन, सायटोसिन या आम्लारींमधले नायट्रोजन प्रोटॉन घेऊ शकतात खरे, पण त्यासाठी भोवती बरीच आम्लता लागते. सामू ७ ला ते जवळपास काहीच घेत नाहीत. थायमिन तर नावालाच आम्लारी.

मग ही नावं पडली कशी? स्विस शास्त्रज्ञ मीशरने १८६९ मध्ये पुवातल्या पेशींमधून हा पदार्थ वेगळा केला तेव्हाच तो आम्लधर्मी असल्याचं दिसलं होतं. ‘न्यूक्लिइक आम्ल’ हे नाव जर्मन शास्त्रज्ञ आल्टमनने १८८९ मध्ये दिलं. घटकांना मात्र त्यांच्या सुट्या रूपातल्या वागण्यावरून बेस, म्हणजे इंग्रजीत आम्लारी, म्हटलं गेलं. ग्वानिन तर डीएनएच्याही आधी ठाऊक होतं, ‘ग्वानो’ म्हणजे पक्ष्यांच्या विष्ठेतून मिळालेलं. सुट्या तुकड्याचं नाव साखळीत गेल्यावरही तसंच राहिलं, इतकंच.

गंमत म्हणजे मूळ ‘बेस’ शब्दातही शत्रुत्व नाही. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ रुएलने १७५४ मध्ये तो वापरला तो ‘पाया’ या अर्थाने: ज्याच्या आधाराने आम्लापासून घन क्षार तयार होतो तो. त्यामुळे डीएनएच्या संदर्भात मी स्वतः ‘नत्रयुक्त बेस’ लिहितो आणि ‘बेस जोडी’ म्हणतो. ‘आम्लारी जोडी’ चूक नाही, पण वाचणारा अडखळतो.

हिंदी पुस्तकं चाळत असाल तर आणखी एक खड्डा आहे. तिथे ‘क्षार’ म्हणजे आम्लारी. आपण ज्याला क्षार म्हणतो त्याला ते ‘लवण’ म्हणतात.