घर थंड, पण मोजणीत बसत नाही

(ब्रिटनमधल्या वाचकांची घरातली ऊब, वीज आणि बिलं याबद्दलची पत्रं थोडक्यात दिली आहेत. वाचकांच्या विनंतीवरून नावं छापलेली नाहीत.)

प्रश्न : ताई, नमस्कार. आम्ही लेस्टरमध्ये भाड्याच्या टू-बेडरूम फ्लॅटमध्ये राहतो. आम्ही दोघं आणि चार वर्षांची मुलगी. नवऱ्याची गोदामातली नोकरी, माझं अर्धवेळ काम आणि युनिव्हर्सल क्रेडिट (कमी उत्पन्नवाल्यांना मिळणारा सरकारी भत्ता) मिळून महिन्याला 2,100 पौंड हाती येतात. त्यातले 1,050 भाड्यात जातात. हीटर विजेचे आहेत. बिल 85 पौंडांच्या वर जाऊ नये म्हणून आम्ही एकच खोली तापवतो आणि तिघंही तिथेच झोपतो. लेकीचा खोकला ऑक्टोबरपासून हटत नाही. मदतीसाठी चौकशी केली, तर उत्तर आलं की तुमच्या घराचं एनर्जी सर्टिफिकेट 'सी' श्रेणीचं आहे ('ए' सर्वांत चांगली, 'जी' सर्वांत वाईट), त्यामुळे तुम्ही फ्युएल पॉव्हर्टीत, म्हणजे इंधनगरिबीत, मोडत नाही. मग आम्ही कशात मोडतो?

— एक वाचक, लेस्टर

उत्तर : आधी लेकीचं बोलूया. तिला जीपीकडे, म्हणजे तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे, न्या, आणि "आम्ही तिघं एका खोलीत झोपतो, बाकीचं घर तापवत नाही" हे अगदी याच शब्दांत सांगा. थंड घराची नोंद मुलीच्या कागदपत्रात झाली पाहिजे. पुढे घरमालकाशी किंवा कौन्सिलशी बोलताना ती नोंद उपयोगी पडते.

आता मोजणीकडे येते. इंधनगरिबीची पट्टी या देशात गेल्या तीस-पस्तीस वर्षांत दोनदा बदलली आहे. संशोधक ब्रेंडा बोर्डमन यांनी 1991 मध्ये साधी कसोटी मांडली. घर पुरेसं उबदार ठेवायला उत्पन्नाच्या 10 टक्क्यांहून जास्त खर्च करावा लागत असेल, तर ते कुटुंब इंधनगरीब. पुढे 2000 मध्ये कायदा झाला. त्यात व्याख्या अशी की कमी उत्पन्नाचं कुटुंब, आणि वाजवी खर्चात उबदार ठेवता येत नाही असं घर. इंग्लंडमधून 2016 पर्यंत ही गरिबी हटवायची, असं सरकारने ठरवलं. पण 10 टक्क्यांची पट्टी इंधनाच्या दराबरोबर वरखाली व्हायची. ब्रिटनभरातला आकडा 1996 मध्ये 65 लाख कुटुंबांच्या आसपास होता, 2004 पर्यंत 20 लाखांवर आला आणि 2009 मध्ये पुन्हा 55 लाखांवर गेला. मग प्राध्यापक जॉन हिल्स यांनी 2012 मध्ये अहवाल दिला आणि 2013 पासून इंग्लंडने 'कमी उत्पन्न, जास्त खर्च' ही पट्टी घेतली. 2021 मध्ये तीही बदलली. आताची पट्टी आहे 'कमी उत्पन्न, कमी ऊर्जाक्षमता'. घरभाडं आणि गरजेचा ऊर्जाखर्च वजा केल्यावर उरलेलं उत्पन्न दारिद्र्यरेषेखाली हवं, आणि घर 'डी' किंवा त्याखालच्या श्रेणीत हवं. दोन्ही अटी एकदम पुऱ्या झाल्या तरच तुम्ही मोजणीत येता.

तुम्ही पाठवलेल्या सर्टिफिकेटवरून मी ढोबळ हिशेब केला. तुमचं अख्खं घर व्यवस्थित तापवायचं, शिवाय स्वयंपाक, दिवे, गरम पाणी, सगळं धरून महिन्याला साधारण 140 पौंड लागतील. जुन्या 10 टक्क्यांच्या पट्टीने पाहिलं तर 2,100 मधले 140 म्हणजे सात टक्क्यांहूनही कमी, म्हणून तुम्ही बाहेर. भाडं वजा करून पाहिलं तर 1,050 मधले 140 म्हणजे 13 टक्के, म्हणून तुम्ही आत. स्कॉटलंडचा 2019 चा कायदा भाडं वजा करूनच 10 टक्के मोजतो आणि उरलेल्या पैशांत किमान राहणीमान भागतं का तेही बघतो. हेच घर ग्लासगोत असतं, तर तुम्ही मोजणीत आला असता. इंग्लंडच्या पट्टीवर मात्र उत्पन्नाच्या अटीत तुम्ही बसता आणि 'सी' या एका अक्षरामुळे बाहेर पडता.

आणखी एक गोष्ट. या सगळ्या पट्ट्या तुम्ही प्रत्यक्ष किती खर्च करता ते बघत नाहीत, किती करावा लागेल ते बघतात. बैठकीच्या खोलीत 21 अंश आणि इतर खोल्यांत 18 अंश ठेवायला काय लागेल, हे गणिताने काढतात. हे मला मनापासून योग्य वाटतं. तुमचे 85 पौंड धरले असते, तर कुडकुडत काढलेले दिवस बचत म्हणून मोजले गेले असते.

हे मी कागदावरून सांगत नाहीये. मी घरोघरी जाऊन ऊर्जासल्ला देते. गेल्या जानेवारीत विटांच्या एकेरी भिंतींच्या, जुन्या ओळीतल्या एका घरात गेले होते. आजी एकट्या राहतात. गॅसचं प्रीपेमेंट कार्ड मसाल्याच्या डब्याशेजारी ठेवलेलं होतं. माझ्याकडच्या तापमापकात 13 अंश होते. त्यांनी मला चहा दिला आणि स्वतःचा कप दोन्ही तळव्यांत धरून बसल्या, प्यायल्या नाहीत. उन्हाळाभर त्यांनी गॅस लावला नव्हता, पण रोजचा स्थिर आकार मीटरवर चढत राहिला होता. थंडी सुरू झाली तेव्हा कार्डावर 20 पौंड भरले, तर आधी ती थकबाकी कापली गेली आणि हीटरसाठी थोडेच उरले. त्या घराची श्रेणी 'ई' होती, म्हणून भिंतींना आतून इन्सुलेशनचं काम मंजूर करून घेता आलं. तुमच्यासारख्या 'सी' घराला मला तेवढं करता येत नाही, याचं वाईट वाटतं.

घरं सुधारायला सरकारला आताची पट्टी उपयोगी आहे. जास्तीत जास्त इंधनगरीब घरं 2030 अखेर 'सी' श्रेणीत आणायची, हे इंग्लंडचं कायद्याने ठरलेलं उद्दिष्ट आहे आणि ते चांगलं आहे. पण या पट्टीला भाववाढ फारशी जाणवत नाही. 2022 आणि 2023 मध्ये बिलांनी लोकांचं कंबरडं मोडलं, तरी इंग्लंडचा अधिकृत आकडा 13 टक्क्यांच्या आसपासच राहिला. त्याच 2023 मध्ये, भाडं वगैरे वजा करून उत्पन्नाच्या 10 टक्क्यांहून जास्त खर्च ऊर्जेवर लागणारी कुटुंबं 36 टक्के होती. हा आकडाही सरकारच छापतं, पण उद्दिष्ट त्यावर बेतलेलं नाही. 2000 चा कायदा 'वाजवी खर्चात उबदार ठेवता येत नाही' असं म्हणतो. त्या शब्दांना जागायचं, तर तुमचं घर मोजणीत आलंच पाहिजे, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता तुमच्या हातात काय आहे ते सांगते. युनिव्हर्सल क्रेडिट मिळत असल्यामुळे 150 पौंडांच्या वॉर्म होम डिस्काउंटसाठी (हिवाळ्यात बिलात मिळणारी सवलत) तुम्ही पात्र असायला हव्यात. 2025 च्या हिवाळ्यापासून त्यात घर तापवायला महाग असण्याची अट राहिलेली नाही. पण विजेचं बिल तुमच्या किंवा यजमानांच्या नावावर पाहिजे. घरमालकाच्या नावावर असेल तर आजच विचारणा करा. दुसरं, हीटर कोणते आहेत ते बघा. रात्री विटा तापवून दिवसा ऊब सोडणारे स्टोरेज हीटर असतील आणि दर दिवस-रात्र एकच लागत असेल, तर रात्रीच्या स्वस्त दराची योजना घ्यायला हवी. अशी घरं मी आठवड्याला एक तरी बघते. तिसरं, सर्टिफिकेटवरची तारीख वाचा. ते दहा वर्षं चालतं, आणि तपासणाऱ्याला भिंतीच्या आतलं दिसलं नसेल तर तो इमारतीच्या वयावरून अंदाज लिहितो. तुमच्या कागदावर भिंतीसमोर 'गृहीत धरून' असं लिहिलेलं मला दिसलं. खिडकीखालच्या कोपऱ्यात काळी बुरशी धरते असं तुम्ही पत्राच्या शेवटी लिहिलंय, तिचे फोटो तारखेसकट काढून ठेवा आणि नवीन तपासणीची मागणी लेखी करा. श्रेणी 'डी'वर आली, तर तुम्ही मोजणीत याल.

प्रश्न : आमच्या लिंकनशायरमधल्या गावाजवळ मोठा सौरऊर्जा प्रकल्प येतोय. गावच्या सभेत मी उभा राहून विचारलं, की देशाला एवढ्या प्रकल्पांची गरज आहे का? उत्तर मिळालं, "तो प्रश्न इथे येत नाही." मी सतरा वर्षं इथे राहतो, कर भरतो. माझा प्रश्न कुठेच येत नसेल, तर सभा कशाला? आता अर्ज स्वीकारल्याची नोटीस आली आहे. काय लिहून पाठवू?

— एक वाचक, लिंकनशायर

उत्तर : दादा, तुमचा राग मला समजतो. पण ते उत्तर कायद्याला धरून होतं. सांगायची पद्धत चुकली.

पूर्वी गरजेवरही चर्चा व्हायची, आणि ती संपायची नाही. साइझवेल बी अणुवीज केंद्राची चौकशी 1983 ते 1985 या काळात 340 दिवस बसली. हीथ्रोच्या टर्मिनल 5 ची तर 525 दिवस. म्हणून 2008 चा प्लॅनिंग ॲक्ट आला. मोठ्या प्रकल्पांची देशाला गरज आहे का, हे राष्ट्रीय धोरणपत्रकांत आधीच ठरवायचं, ती पत्रकं संसदेपुढे ठेवायची, आणि प्रत्येक ठिकाणच्या परीक्षणात फक्त त्या जागेवरचे परिणाम तपासायचे. ऊर्जेची पत्रकं प्रथम 2011 मध्ये लागू झाली आणि जानेवारी 2024 मध्ये त्यांची नवी आवृत्ती आली. तीत सौरऊर्जेचा पहिल्यांदा नीट समावेश झाला. धोरणाच्याच बऱ्यावाईटाबद्दल कुणी लिहिलं, तर ते बाजूला ठेवायची मुभा कायदा देतो. म्हणून "गरज नाही" एवढंच लिहून पाठवलंत, तर तुमचं पत्र वाचलं जाईल पण वजनात धरलं जाणार नाही.

तुमचं वजन जागेच्या माहितीत आहे. धोरणपत्रक म्हणतं की आधी वापरून पडलेली किंवा हलक्या प्रतीची जमीन घ्यावी, आणि उत्तम शेतजमीन, म्हणजे श्रेणी 1, 2 आणि 3ए, शक्यतो टाळावी. त्यामुळे तुमच्या गावचं कुठलं शेत कुठल्या श्रेणीत आहे ते नकाशावर तपासा. तुम्ही पत्रात लिहिलंय की ओढ्यालगतची पायवाट दर फेब्रुवारीत पाण्याखाली जाते आणि बांधकामाचे ट्रक शाळेवरून जाणार आहेत. हेच लिहा. कुठल्या वळणावर दोन गाड्या मावत नाहीत, शाळा किती वाजता सुटते, पाणी कुंपणाच्या कितव्या खांबापर्यंत चढतं, सगळं लिहा. लंडनहून आलेल्या सल्लागाराला हे दिसलेलं नसतं.

त्याआधी प्लॅनिंग इन्स्पेक्टोरेटकडे (अशा अर्जांचं परीक्षण करणारी सरकारी संस्था) 'इंटरेस्टेड पार्टी', म्हणजे परीक्षणात बाजू मांडणारी व्यक्ती, म्हणून नाव नोंदवा. नोटिशीत शेवटची तारीख असते. त्यासाठी किमान 28 दिवस द्यावे लागतात, पण ते भुर्रकन जातात. नोंदणी चुकली तर परीक्षणात आपणहून बोलायचा हक्क जातो. परीक्षण जास्तीत जास्त सहा महिने चालतं, त्यानंतर तीन महिन्यांत शिफारस आणि पुढच्या तीन महिन्यांत मंत्र्यांचा निर्णय. शिफारस विरोधात गेली तरी मंत्री मंजुरी देऊ शकतात. जुलै 2024 मध्ये सफोक आणि केंब्रिजशायरच्या सनिका सौरप्रकल्पाचं तसंच झालं. म्हणून नुसता विरोध लिहून थांबू नका, मंजुरी मिळाल्यास कोणत्या अटी हव्यात तेही लिहा. ट्रकच्या वेळा, पायवाटेची पर्यायी वाट, ओढ्यापासूनचं अंतर. अटी मंजुरीच्या आदेशात छापल्या जातात आणि मोडल्या तर तो गुन्हा ठरतो.

आणि गरजेचा तुमचा प्रश्न? तो धोरणाच्या मसुद्यावर सूचना मागवतात तेव्हा पाठवायचा. तेव्हा फारसं कुणी लिहीत नाही, कारण मसुदा आपल्या शेताचं नाव घेत नाही.

प्रश्न : विजेचे मनोरे आमच्या घराशेजारून जाणार आणि बिल मात्र सगळ्यांइतकंच भरायचं का?

— एक वाचक, एसेक्स

उत्तर : नव्या वाहिनीपासून 500 मीटरच्या आत राहणाऱ्यांना दहा वर्षांत मिळून 2,500 पौंडांपर्यंत बिलात सवलत देऊ, असं सरकारने मार्च 2025 मध्ये जाहीर केलं. तुमचं घर त्या पट्ट्यात येतं का ते प्रकल्पाच्या नकाशावर मोजून बघा.

माझं मत विचाराल तर वाहिन्या हव्यात. स्कॉटलंडमध्ये वारा भरपूर असतो, पण वीज दक्षिणेकडे आणायला तारा पुरत नाहीत, म्हणून पवनचक्क्या थांबवायचे पैसे द्यावे लागतात आणि ते आपल्याच बिलांतून जातात. पण वाहिन्यांचा खर्च बिलांवर टाकताना, त्यातला रोजच्या स्थिर आकाराचा वाटा बंगल्यालाही तेवढाच आणि वर लिहिलेल्या आजींच्या घरालाही तेवढाच पडतो, हे मला पटत नाही. याबद्दल मी ऊर्जा-नियामकाच्या प्रत्येक सल्लामसलतीत लिहिते.

लेस्टरच्या ताई, नव्या तपासणीचं सर्टिफिकेट हाती आलं की पहिलं पान मला पाठवा, नाव-पत्ता झाकून. भिंतीसमोर काय लिहिलंय ते बघू.