टीम सारखी हरतेय, तर मॅनेजर हंगामाच्या मध्येच बदलावा का?

तुम्ही लिहिलंय की अमळनेरला तुम्ही सहा मित्र एकाच फुटबॉल क्लबचे चाहते, शनिवार-रविवारी एकाच्या गच्चीवर जमून मॅच बघता. क्लब हरायला लागल्यापासून तिघं म्हणतात 'मॅनेजरला (म्हणजे मुख्य कोचला) आत्ताच काढा', तिघं म्हणतात 'हंगाम संपू द्या'. वाद इतका वाढला की एक मित्र ग्रुप सोडून गेला. कोणाचं बरोबर, असं विचारलंय. क्लबचं नाव दिलेलं नाही, पण त्यावाचून अडत नाही.

माझं मत आधी सांगतो. किती सामने हरलो हे मोजून मॅनेजर काढू नये. पुढचा माणूस कोण आणि आज क्लबात असलेले खेळाडू त्याच्या पद्धतीत बसतात का, या दोन प्रश्नांची उत्तरं हातात असतील तर एक आठवडाही थांबू नये. नसतील तर हंगाम संपेपर्यंत दात-ओठ खात का होईना, थांबावं. हे मी पुस्तकी सांगत नाही. मी २००८ पासून इंग्लंडच्या मँचेस्टर युनायटेडचा चाहता आहे आणि या प्रश्नावर एकदा पूर्ण चुकलो आहे.

२७ ऑक्टोबर २०२४, रविवार. दिवाळीचा आठवडा होता, भुसावळला मित्राच्या खोलीवर आम्ही साडेसातला मॅच लावली. समोर वेस्ट हॅम. पहिल्या हाफमध्ये आमच्या डालोने रिकाम्या गोलसमोरून चेंडू वरून घालवला. संधीवर संधी गेली आणि शेवटी भरपाई वेळेत व्हीएआरने (व्हिडिओ बघणाऱ्या रेफरीने) पेनल्टी दिली, ती त्यांच्या बोवेनने मारली. २-१ ने हरलो. नऊ सामन्यांत ११ गुण, चौदावा नंबर. मी त्याच रात्री ग्रुपवर लांबलचक मेसेज लिहिला की आपला मॅनेजर टेन हाग याला आता एक दिवसही ठेवू नये. दुसऱ्या दिवशी वसुबारस. संध्याकाळी घरी गाय-वासराच्या पूजेची तयारी चालली असताना बातमी आली की त्याला काढलं. मला आनंद झाला होता. आज त्या आनंदाचं वाईट वाटतं.

आमच्यातला एकच जण विरोधात होता. रेल्वेत नोकरीला आहे, कमी बोलतो. तो एवढंच म्हणाला, "भो, मानूस बदलवशीन, पन प्लेअर तं तेच राहतीन ना?" मी त्याचं ऐकून घेतलं नाही, उलट सगळ्यांसमोर त्याला बोललो.

आता पुढे काय झालं ते बघा. मध्यंतरी टेन हागचा सहायक व्हान निस्टलरॉय याने चार सामने सांभाळले. तीन जिंकले, एक बरोबरीत सुटला. आम्ही म्हणालो, बघा, काढल्याबरोबर टीम जागी झाली. पण ते चारही सामने घरच्या मैदानावर होते आणि त्यांतले दोन लेस्टरविरुद्ध. वेस्ट हॅमविरुद्ध ज्या संधी वाया गेल्या त्या कधीतरी गोलात जाणारच होत्या, टेन हाग असता तरी आणि नसता तरी. टीम तळाला गेलेली असतानाच मॅनेजर जातो आणि तळाला गेलेली टीम पुढच्या काही आठवड्यांत थोडीफार वर येतेच. नवा आलेला माणूस तेव्हा नेमका समोर उभा असतो, म्हणून श्रेय त्याच्या नावावर पडतं. याचा पुरावा त्याच हंगामात मिळाला. लेस्टरने नोव्हेंबरमध्ये स्टीव्ह कूपरला काढलं तेव्हा ते सोळावे होते, म्हणजे खालच्या लीगमध्ये जाणाऱ्या शेवटच्या तीन टीमच्या वर. त्यांनी याच व्हान निस्टलरॉयला आणलं. २० एप्रिल २०२५ ला लिव्हरपूलकडून हरून ते प्रीमियर लीगमधून खाली गेले. माणूस तोच होता. आमच्याकडे चार सामन्यांत तो देव वाटला होता.

मग रुबेन अमोरिम आला. माणूस हुशार, स्पोर्टिंगला दोनदा पोर्तुगालची लीग जिंकून दिलेली. पण त्याची पद्धत मागे तीन डिफेंडर आणि दोन्ही बाजूंना धावणारे विंग-बॅक अशी. आमच्याकडे होते रॅशफर्ड, गार्नाचो, अँटनी, म्हणजे कडेने पुढे हल्ला करणारे विंगर. मागे येऊन बचावही करणारा विंग-बॅक म्हणावा असा धड एक नाही. डी लिग्ट आणि मझरावी हे टेन हागचे आयॅक्समधले जुने खेळाडू, त्याच उन्हाळ्यात आणलेले. ज्याच्या मर्जीने ऑगस्टपर्यंत खरेदी केली त्याला ऑक्टोबरमध्ये काढलं आणि ज्याला वेगळेच खेळाडू लागतात त्याला नोव्हेंबरमध्ये त्या खरेदीवर आणून बसवलं. जानेवारी-फेब्रुवारीत रॅशफर्ड आणि अँटनी लोनवर गेले, लेचेहून डोर्गू आणला, तोवर अर्धा हंगाम संपला होता.

हिशेब मांडतो. त्या हंगामात लीगमध्ये एकूण ४२ गुण, नंबर पंधरावा. टेन हागचे ९ सामन्यांत ११, व्हान निस्टलरॉयचे दोन सामन्यांत ४, अमोरिमचे २७ सामन्यांत २७. म्हणजे ज्याला 'एक दिवसही नको' म्हणून काढलं त्याची सरासरी आणणाऱ्यापेक्षा बरी होती. याचा अर्थ टेन हाग थोर होता असं मी म्हणत नाही. आदल्या मोसमात तो आठवा आला होता. क्लबला त्याला काढायचंच होतं तर मे २०२४ मध्ये, एफए कप जिंकल्यानंतरच्या आठवड्यात काढायला हवं होतं. तेव्हा पुढचा माणूस शोधायला आणि खेळाडू आणायला अख्खा उन्हाळा होता. क्लबने उलट त्याचा करार २०२६ पर्यंत वाढवला. अमोरिमही जानेवारी २०२६ मध्ये गेला.

इथे मला आमच्या शेतातली एक गोष्ट सांगायचीच आहे, कारण फुटबॉलमधलं हे मला तिच्यामुळेच नीट कळलं.

तुम्ही अमळनेरचे, म्हणजे सालदारकी, वर्षाच्या बोलीवर गडी ठेवणं, तुम्हाला समजावून सांगायला नको. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) साल ठरतं ते पुढच्या आखाजीपर्यंत. आमची रावेर तालुक्यात केळी. मी कॉलेजात होतो तेव्हा जूनमध्ये मृगबाग लावली, टिश्यू कल्चरची रोपं. ऑगस्टमध्ये पानांवर पिवळे पट्टे दिसायला लागले. त्या विषाणूच्या रोगाला सीएमव्ही म्हणतात, आमच्याकडे हरण्या. बाबांनी सगळा राग सालदारावर काढला. बांधावरचं गवत त्याने वेळेवर काढलं नाही, त्यात मावा वाढला, म्हणून रोग आला, असं त्यांचं म्हणणं. पोळा पंधरा दिवसांवर असताना साल मोडलं. ज्या घरात पोळ्याला सालदाराला नवे कपडे द्यायचे त्या घरातून त्याला त्या वर्षी रिकाम्या हाताने पाठवलं.

नवा माणूस आला तो रोजाने. कोणता व्हॉल्व्ह कोणत्या तुकड्याचा, ठिबकच्या कुठल्या नळ्या दरवर्षी चोक होतात, हे त्याला ठाऊक नव्हतं. खताची पाळी दोनदा चुकली. रोग काही थांबला नाही. शेवटी तिसरा हिस्सा बाग उपटून बांधावर टाकावी लागली. नंतर कृषी सहायक आले, त्यांनी बाग हिंडून बघितली आणि शेजारच्या काकडीच्या वेलांकडे बोट दाखवलं. तोच विषाणू काकडीवरही असतो, तिथून मावा तो केळीत आणतो. काकडी तिथे लावू दिली होती बाबांनीच, शेजाऱ्याशी बोलून. गवताची चूक सालदाराची होती, हे खरं. पण मोठी चूक त्याच्या हातात नव्हतीच आणि जी त्याच्या हातात होती ती नव्या माणसाला शिकायला वेळच नव्हता.

मॅनेजरच्या बाबतीतही मी हेच आधी बघतो. हरण्यामागची कोणती चूक त्याच्या हातातली आणि कोणती वरच्यांची? खरेदी कोणी केली? दोन सेंटर-बॅक (मधले डिफेंडर) जखमी असताना तिसरा का नव्हता? आणि मैदानातलं जे त्याच्या हातात आहे तिथे काही हलतंय का?

तुमच्या 'थांबा' म्हणणाऱ्या तिघांनी युनायटेडच्या जुन्या मॅनेजरचं, फर्ग्युसनचं उदाहरण दिलं असणारच. ते मला अर्धवट वाटतं. फर्ग्युसन १९८६ च्या नोव्हेंबरमध्ये आला, पहिल्या चार हंगामांत अकरावा, दुसरा, अकरावा, तेरावा. जानेवारी १९९० मध्ये नॉटिंगहॅम फॉरेस्टविरुद्ध मार्क रॉबिन्सचा गोल झाला, त्याच वर्षी एफए कप आला आणि पुढे १३ लीग विजेतेपदं. सगळं खरं. पण ज्यांना वेळ दिला आणि ज्यांनी तो वाया घालवला, त्यांची नावं कोणाच्या तोंडी राहत नाहीत. 'फर्ग्युसनलाही वेळ दिला होता' हे वाक्य त्याच्यानंतर आलेल्या मॉयेसच्या वेळीही म्हटलं गेलं, त्याचा करार सहा वर्षांचा होता आणि तो दहा महिन्यांत गेला. फर्ग्युसनला ठेवण्यामागे कारणं होती. ॲबरडीनमध्ये त्याने १९८३ ला रेआल माद्रिदला हरवून युरोपियन कप विनर्स कप जिंकलेला होता आणि युनायटेडमध्ये तो युवा संघ खालपासून नव्याने उभा करत होता. नुसता काळ जाऊ दिल्याने काही पिकत नाही.

त्यापेक्षा आर्सेनलच्या मॅनेजरचं, आर्टेटाचं उदाहरण द्या. आर्सेनल लागोपाठ दोनदा आठवे आले. २०२१ च्या हंगामात पहिले तिन्ही सामने हरले, एकही गोल केला नाही, नऊ खाल्ले, तळाला गेले. आमच्याकडच्या आर्सेनलवाल्यांनीही तेव्हा त्याला काढायला सांगितलं होतं. क्लबने काढलं नाही, कारण त्याच उन्हाळ्यात ओडेगार्ड, व्हाइट, रॅम्सडेल हे तरुण खेळाडू त्याच्यासाठी आणले होते आणि ते एकत्र खेळायचेच बाकी होते. त्या हंगामात पाचवे, पुढचे तीन हंगाम दुसरे.

आता 'काढा' म्हणणाऱ्या तिघांची बाजू. तीही मला तितकीच खरी वाटते, कारण मध्येच बदलून साधलेलं मी स्वतः बघितलं आहे. चेल्सी जानेवारी २०२१ मध्ये नववे होते, लॅम्पार्डला काढून थॉमस टुखेल आणला, मे महिन्यात पोर्तो शहरात मँचेस्टर सिटीला हरवून चॅम्पियन्स लीग जिंकली आणि लीगमध्ये चौथे आले. ॲस्टन व्हिलाने ऑक्टोबर २०२२ मध्ये जेरार्डला काढून उनाय एमेरीला आणलं. खाली जायची भीती असलेली टीम त्या हंगामात सातवी आणि पुढच्या हंगामात चौथी. दोन्ही ठिकाणी पुढचा माणूस काही दिवसांतच ठरला, तो आधी मोठ्या ट्रॉफ्या जिंकून आलेला होता आणि मुख्य म्हणजे त्याने हातातल्या खेळाडूंना त्यांच्याच जागी खेळवून आधी गोल खाणं थांबवलं. टुखेलनेही तीन डिफेंडरच लावले होते, पण चेल्सीकडे त्या जागांचे खेळाडू होते. माझ्या रेल्वेवाल्या मित्राला जे एका वाक्यात दिसलं ते हेच.

एक गोष्ट मात्र दिसली तर मी वेळ द्या म्हणणार नाही. चेंडू गेल्यावर खेळाडू परत धावायचे थांबले, गोल खाल्ल्यावर एकमेकांकडे बघून हात हलवायला लागले, दोन-तीन सामने सलग असंच झालं, तर समजावं की ते आता या माणसासाठी खेळत नाहीत. मग पुढचा माणूस नक्की नसला तरी घरातल्या एखाद्या कोचकडे टीम देऊन त्याला मोकळं करावं. गुणांच्या तक्त्यात हे दिसत नाही, पूर्ण ९० मिनिटं बसून बघावं लागतं. हायलाइट्सवर मत बनवणाऱ्याचं मी तरी धरणार नाही.

आमच्या ग्रुपमध्ये आता एक पद्धत पडली आहे, तुम्हीही करून बघा. 'काढा' म्हणणाऱ्याने तीन गोष्टी सांगायच्या: कोणाला आणायचं, तो कसा खेळवतो आणि त्याच्या टीममध्ये आजच्या अकरापैकी कोण बाहेर बसेल. 'ठेवा' म्हणणाऱ्याने एकच: गेल्या दहा सामन्यांत मैदानावर काय सुधारलं, ते गोल आणि गुण सोडून दाखवायचं. आमच्याकडे निम्मे वाद दुसऱ्या प्रश्नालाच संपतात.

राहिला तुमचा ग्रुप सोडून गेलेला मित्र. २२ मे २०२५ च्या पहाटे, आपल्याकडे साडेबाराला सुरू झालेली बिल्बाओची युरोपा लीग फायनल आम्ही टॉटनहॅमकडून १-० ने हरलो. दोन हाफमध्ये मिळून आमचा एक गोल होईना. अडीचच्या सुमारास मी त्या रेल्वेवाल्या मित्राला फोन लावला. सात महिने आम्ही मॅच वेगवेगळी बघत होतो. तो नाइट ड्यूटीवर होता, मागे गाडीची अनाउन्समेंट ऐकू येत होती. मी म्हणालो, तू ऑक्टोबरमध्ये बोलला होतास ते बरोबर होतं, मी तुला सगळ्यांसमोर बोललो ते चुकलं. तो म्हणाला, "सकाळी ये, चहा घेऊ." तुमच्या मित्राला पुढच्या मॅचच्या आधी फोन करा, निकाल लागायच्या आधी.