अनुदान, प्रतिपूर्ती आणि सबसिडीतली तैनाती फौज

प्रश्न असा आलाय: "बातम्यांत कधी 'एसटीला सवलतींचं अनुदान मिळालं' असं येतं, कधी 'प्रतिपूर्तीची रक्कम मिळाली' असं येतं. दोन्ही एकच का? आणि मेट्रो-रेल्वेला राज्य सरकार पैसे देतं त्याला काय म्हणायचं? सबसिडीला मराठीत नीट शब्द आहे का?"

एकच नाहीत. अजिबात नाहीत. आणि हे मी गेली दोन-तीन वर्षं टीव्हीवर रोज ऐकतोय, अनुदान, अनुदान, अनुदान, म्हणजे सरकारी तिजोरीतून पैसा हलला की तो अनुदानच, मग तो पगार असो, बिल असो, भांडवल असो की कर्ज.

साधा हिशोब बघा. १७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे (अर्धं! "बायकांना एसटी फुकट" म्हणणाऱ्यांनी एकदा तिकीट हातात घेऊन वाचावं). भाडं शंभर रुपये असेल तर बाई पन्नास देते आणि उरलेले पन्नास तिच्या वतीनं राज्य सरकार एसटीला देणं लागतं. ७५ वर्षांवरच्यांना २०२२ पासून पूर्ण माफ, तरी त्यांनाही कंडक्टर मशीनमधून तिकीट काढून देतोच, का, तर त्या शून्य रकमेच्या तिकिटावरूनच पुढे हिशोब होतो आणि तेवढी रक्कम सरकारकडे मागितली जाते. विद्यार्थ्यांचे पास, अहिल्याबाई होळकर योजनेत शाळेत जाणाऱ्या मुली, दिव्यांग, स्वातंत्र्यसैनिक, असे तीसेक प्रकार आहेत. सवलत सरकारनं जाहीर केली, प्रवास एसटीनं घडवला, पैसे सरकारनं चुकते करायचे. तुमच्या सांगण्यावरून शेजाऱ्यानं वाण्याकडून सामान नेलं आणि महिनाअखेरीला तुम्ही वाण्याचे पैसे भागवलेत, तर तुम्ही वाण्याला अनुदान दिलंत का? उधारी फेडलीत. हीच ती प्रतिपूर्ती. एसटीतले लोक 'सवलतमूल्याची प्रतिपूर्ती' म्हणतात आणि बरोबर म्हणतात.

त्यात भर म्हणजे तिकिटाच्या पैशातून १७.५ टक्के प्रवासी कर एसटी उलट राज्याला भरते. तेव्हा कोण कोणाला देतंय हे बोलण्याआधी जरा थांबावं.

अनुदानाचे सरळ अर्थ सगळ्यांना माहीत आहेत, अनुदानित शाळा वगैरे, त्यात वेळ घालवत नाही. माझं दुखणं त्या शब्दातल्या 'दान'शी आहे. दान म्हटलं की देणारा मोठा आणि घेणारा ओशाळा, आणि मग बातमीत लगेच 'खैरात', 'पांढरा हत्ती', 'पोसायचं किती दिवस' हे शब्द मागोमाग येतात. शब्द चुकला की सूरही चुकतो.

आता सबसिडी. खरं तर मला याच्यावरच लिहायचं होतं.

मूळ लॅटिन शब्द सब्सिडियम. रोमन सैन्याच्या जुन्या रचनेत तीन रांगा असायच्या, पुढच्या दोन लढायच्या आणि तिसरी, सगळ्यात मुरलेल्या सैनिकांची, मागे गुडघा टेकून बसून राहायची. पुढच्या रांगा मोडल्या तरच ती उठायची. मागे, खाली बसलेली ती सब्सिडियम, हे व्हॅरो नावाच्या रोमन पंडितानं लिहून ठेवलंय. म्हणजे सबसिडीचा पहिला अर्थ पैसा नाहीच, राखीव फौज! मग हळूहळू 'मदत', आणि पुढे इंग्रजीत येईपर्यंत 'मदतीची रक्कम'.

आता शब्द फोडा. सब अधिक सेड. लॅटिन 'सब' म्हणजे संस्कृत 'उप', आणि 'सेड' म्हणजे आपला 'सद्', बसणे. उप + सद्. मध्ये एक 'नि' घाला, काय होतं? उपनिषद! गुरूजवळ खाली बसणं. सबसिडी आणि उपनिषद हे सख्खे नाहीत तरी चुलत भाऊ नक्की आहेत, आणि हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मी त्या दिवशी दुसरं काही काम केलं नाही. ज्या सदनात हा पैसा मंजूर होतो ते सदन 'सद्'चं, विधान परिषद 'सद्'चीच, दिल्लीतली संसदही. इंग्रजी सीट हाही त्याच कुळातला, म्हणजे बसमधली सीट रिकामी गेली म्हणून सदनात सबसिडी मागावी लागते आणि या तिन्ही शब्दांत माणूस नुसता बसलेला आहे. (सीटला आपण 'आसन' म्हणतो, पण तो धातू आस्, तो या घरातला नाही. भाषांतर बरोबर आणि नातं तुटलं.)

पण थांबा, मराठी माणसाला हा शब्द या अर्थानं दोनशे वर्षांपूर्वीच भेटलाय आणि शाळेत प्रत्येकानं पाठ केलाय. वसईचा तह, ३१ डिसेंबर १८०२, दुसरा बाजीराव. तैनाती फौज! इंग्रजीत त्या फौजेचं नाव 'सब्सिडियरी फोर्स'. सहा हजारांच्या वर ईस्ट इंडिया कंपनीचं पायदळ पेशव्याच्या मुलखात कायम ठेवायचं आणि त्याच्या खर्चासाठी पेशव्यानं २६ लाख उत्पन्नाचा मुलूख तोडून द्यायचा. आधी १७९८ ला निजामानं हेच पत्करलं होतं. पुण्याच्या दरबारात बसलेला तो रेसिडेंट, म्हणजे कंपनीचा वकील, त्याच्या नावातही तोच 'सेड' आहे, बसून राहणारा.

यातली गंमत बघा, सबसिडी कोण घेत होतं? कंपनी. कशाबद्दल? फौज तयार ठेवण्याबद्दल. लढाई झाली तरच पैसे असं नाही, फौज उभी आहे, दाणापाणी चालू आहे, हाक मारली की येणार, याचे पैसे. त्या तहाचं राजकारण घातक होतं आणि त्यात स्वराज्य गेलं, ते सोडा, मी व्यवहाराची घडण सांगतोय. सबसिडी ही तयारीत राहण्याची किंमत असते, घेणाऱ्याच्या दुबळेपणाची नव्हे.

आणि आता एसटीकडे या. रात्री शेवटची फेरी करून गावात जाऊन थांबणारी, पारावर किंवा देवळापुढे उभी राहणारी, ड्रायव्हर-कंडक्टर तिथेच झोपणारे, पहाटे साडेपाचला कॉलेजची पोरं आणि दूधवाले घेऊन तालुक्याला निघणारी मुक्कामी गाडी. ती रात्रभर गावात काय करते? बसून असते! मागच्या रांगेत, गुडघा टेकून. तिचं भारमान काढलंत तर (म्हणजे गाडीची किती क्षमता भरली ते, हा एसटीचा अस्सल शब्द आहे, सगळ्यांनी वापरावा) आगाराच्या कागदावर ती फेरी तोट्यातच दिसणार. पण गावात कोणाला रात्री कळा सुरू झाल्या किंवा पहाटे परीक्षेला निघायचं झालं तर तीच एक आहे. अशी फेरी चालू ठेवायला सरकार जे पैसे देईल ती खऱ्या अर्थानं सबसिडी. ही प्रतिपूर्ती नाही, कारण इथे कोणा प्रवाशाचं अर्धं तिकीट थकलेलं नाही, आणि हे दानही नाही.

म्हणून माझं म्हणणं, आणि ते मी सोडणार नाही, की या पैशाला मराठीत 'तैनाती खर्च' म्हणावं. तैनात हा अरबी 'तअय्युन'च्या घराण्यातला शब्द, नेमणे, मुक्रर करणे. पेशवाईच्या कागदांत तैनात म्हणजे नेमून दिलेला पगार असाही अर्थ आहे, म्हणजे फौज आणि पैसा दोन्ही त्या एका शब्दात आधीच नांदतात. आणि धातू कोणता, तर ज्यातून आपला 'ऐन' आला तोच. ऐन दिवाळीत, ऐन वेळी. ऐन वेळी तैनात असणं, एकाच धातूचे दोन शब्द शेजारी शेजारी! एसटीच्या कामाचं याहून नेमकं वर्णन मला तरी सुचत नाही.

यावर शुद्धवाद्यांची दोन उत्तरं ठरलेली असतात. एक, 'अर्थसाहाय्य' हा तयार शब्द असताना यावनी शब्द कशाला. साहाय्य म्हणजे पुन्हा उपकारच ना हो! आणि तो इतका गुळगुळीत झालाय की मृतांच्या वारसांना दिलं तेही अर्थसाहाय्य, नाट्यसंस्थेला दिलं तेही अर्थसाहाय्य, त्याला धारच उरलेली नाही. दुसरं, तैनाती म्हटलं की पारतंत्र्य आठवतं. मग रोज 'पोलीस बंदोबस्त तैनात' लिहिता तेव्हा आठवत नाही का? शब्दानं तह केला नव्हता, बाजीरावानं केला होता.

तिसरे एक आहेत त्यांचं मला जास्त लागतं, ते म्हणतात प्रतिपूर्ती हिंदीतून आलेला शब्द, 'भरपाई' म्हणा. भरपाई मला आवडतो, फार आवडतो, भरून पावणं यातून आलेला सुंदर देशी शब्द, 'भरून पावलो' आपण अजून म्हणतो. पण आज भरपाईच्या आधी नुकसान येतंच, पूर आला, गारपीट झाली, भरपाई. बाईनं अर्धं तिकीट काढलं हे एसटीचं नुकसान आहे का? ती तर प्रवासी आहे, सवलत सुरू झाल्यावर गाड्यांत बायकांची गर्दी वाढली. पूर्ती शब्द संस्कृत, आपला पुरवठा, पुरवणी, पुरणपोळीतलं पुरण सगळं त्याच पॄ धातूचं, विधिमंडळातल्या पुरवणी मागण्याही. मग तो परका कसा झाला? अर्ध्या रिकाम्या राहिलेल्या तिकिटात पुरण भरणं म्हणजे प्रतिपूर्ती.

रेल्वेचं विचारलं होतंत. तिथे शब्द 'वाटा', आणि तो चोख आहे. नगर-बीड-परळी, २६१ किलोमीटर, निम्मा खर्च राज्याचा. वर्धा-यवतमाळ-नांदेड, ४० टक्के राज्याचा. मुंबईच्या लोकलचे मोठे प्रकल्प करायला १९९९ साली जे रेल्वे विकास महामंडळ काढलं त्यात रेल्वे मंत्रालय ५१ आणि महाराष्ट्र ४९. कोकण रेल्वे १९९० ला स्थापन झाली तेव्हा केंद्राचे ५१, महाराष्ट्राचे २२, कर्नाटकाचे १५, गोवा-केरळचे सहा-सहा. यातल्या महामंडळांत राज्य मालक म्हणून उतरलंय, ते भागभांडवल, आणि मालक स्वतःच्या धंद्यात पैसे घालतो त्याला कोणी अनुदान म्हणत नाही. एसटीचंही तसंच, महामंडळाच्या १९५० च्या कायद्यात राज्य आणि केंद्रानं भांडवल पुरवायची सोय आहे, त्याला 'भांडवली अंशदान' म्हणतात. इथे 'दान' चालतं मला, कारण पुढे 'अंश' आहे, आपला हिस्सा टाकणं. वाटा हा शब्द पूर्वी 'वांटा' असा अनुस्वार देऊन लिहायचे, १९६२ च्या नियमांनी तो अनुस्वार गेला आणि रस्त्याच्या वाटा आणि हिश्शाचा वाटा कागदावर एकसारखे झाले. उच्चार होत नव्हता हे खरं, पण 'रेल्वेसाठी राज्याचा वाटा' वाचताना मला अजून तो टिंब हवासा वाटतो.

मेट्रोला मात्र एक शब्द पुरणार नाही. केंद्र आणि राज्य समभाग घेतात ते भागभांडवल. जमीन आणि करांसाठी राज्य पैसे देतं ते बहुतेक वेळा 'दुय्यम कर्ज', म्हणजे बाकीच्यांची कर्जं फिटल्यावर सावकाश फेडायचं, म्हणून दुय्यम, पण कर्ज ते कर्जच. मुंबईची पहिली मेट्रो, वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर, खाजगी भागीदारीत झाली तिला केंद्र-राज्याचे मिळून ६५० कोटी मिळाले, त्याला 'व्यवहार्यता तफावत निधी' म्हणतात, जिभेला जड आहे पण अर्थ बरोबर आहे, खर्च आणि उत्पन्न यातली तफावत तेवढी एकदाच भरून द्यायची. आणि मुंबई, ठाणे, पुणे, नागपुरात २०२२ पासून घर घेताना मुद्रांक शुल्कावर जो एक टक्का जास्त पडतो तो 'मेट्रो अधिभार', तो तर तुमच्याच खिशातला.

राहिलं लिहिण्याचं. प्रतिपूर्ती लिहिताना 'प्र'नंतरची 'ति' ऱ्हस्व, 'पू' दीर्घ, शेवटची 'र्ती' दीर्घ. 'प्रतीपुर्ती' असं एका वेळापत्रकाशेजारी चिकटवलेल्या सूचनेत मी स्वतः वाचलंय, दोन्ही ठिकाणी उलटं.