काउंट नॉर्मल, मग अंगावर डाग का? प्लेटलेट्समधल्या सेरोटोनिनबद्दल

तुम्ही विचारलंय की सेरोटोनिन तर मेंदूतलं रसायन, ते प्लेटलेट्समध्ये (रक्त थांबवणाऱ्या बारीक पेशींमध्ये) काय करतंय, आणि डिप्रेशनची एसएसआरआय गोळी सुरू झाल्यापासून प्लेटलेट काउंट नॉर्मल असूनही काळेनिळे डाग का पडतायत. मी लॅबवाला आहे, डॉक्टर नाही, तेवढं धरून वाचा.

शरीरातलं ९० टक्क्यांच्या आसपास सेरोटोनिन आतड्यात बनतं. त्यातलं जे रक्तात उतरतं ते प्लेटलेट्स ओढून घेतात, स्वतः काहीच बनवत नाहीत, पक्क्या साठेबाज! ओढायचं काम सर्ट नावाचं प्रोटीन करतं, मग व्हीमॅट-२ हे दुसरं प्रोटीन ते डेन्स ग्रॅन्यूल्समध्ये, म्हणजे प्लेटलेटच्या आतल्या बारीक पिशव्यांमध्ये कोंबतं, तिथे एडीपी नावाचं रसायन आणि कॅल्शियमही असतं. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली हे ग्रॅन्यूल्स कुठलाही रंग न लावता काळेकुट्ट ठिपके दिसतात, एका प्लेटलेटमध्ये साधारण ३ ते ८. जखम झाली की हा माल बाहेर, रक्तवाहिनी आकसते आणि आजूबाजूच्या प्लेटलेट्स पटापट चिकटायला लागतात.

आता हर्मान्स्की-पुडलॅक सिंड्रोम घ्या, जन्मजात आजार, त्वचा-केस फिके. काउंट बघाल तर नॉर्मल, पण ते काळे ठिपके जवळपास नसतातच, म्हणून रक्त लवकर थांबत नाही. मशीन प्लेटलेट्स मोजतं, आत काय भरलंय ते त्याला कुठे कळतं.

तुमच्या गोळीचंही थोडं तसंच, फक्त इथे ग्रॅन्यूल्स शाबूत असतात, आतलं सेरोटोनिन तेवढं नसल्यात जमा. मेंदूतल्या पेशींवर आणि प्लेटलेटवर सर्ट एकच आहे, गोळी दोन्हीकडे दार लावते. प्लेटलेट जगते ७ ते १० दिवस, जुन्या भरलेल्या जातात, नव्या सेरोटोनिनशिवायच फिरतात आणि काही आठवड्यांत त्याचा साठा खूपच खाली येतो. बहुतेकांना याने काही जाणवत नाही, पण सोबत ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन असेल तर रक्तस्रावाचा धोका वाढतो.

आणि हो, रक्तातलं सेरोटोनिन तपासून डिप्रेशन कळत नाही, ते रक्तातून मेंदूत जातच नाही. ती टेस्ट कार्सिनॉइड ट्यूमरच्या (सेरोटोनिन बनवणाऱ्या गाठीच्या) संशयात कामाची, तिथे आकडा चढलेला असतो.

गोळी मनाने बंद करू नका, डाग डॉक्टरांना दाखवा आणि पेनकिलर घेत असाल तर तेही सांगा, नेमकं तेच सांगायचं राहतं.